फोन बनवणाऱ्या मशीनचा पाया बिडाचा. त्यातला दोष शोधायचा की होऊच द्यायचा नाही?

केंद्र सरकारने २८ मार्च २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. फोनचं बाहेरचं आवरण देशात बनावं यासाठी त्यात पैसे आहेत, आणि असे भाग बनवणाऱ्या यंत्रसामग्रीसाठीही आहेत. चर्चा झाली ती कॅमेरा मॉड्यूल आणि बॅटरीची. यंत्रसामग्रीबद्दल फारसं कुणी बोललं नाही, म्हणून मी त्यावर लिहितोय.

तुमच्या फोनची फ्रेम धातूची असेल तर ती सीएनसी मशीनवर कोरलेली असते. प्लास्टिकची असेल तर तिचा साचा अशाच मशीनवर कोरलेला असतो. आणि या मशीनचा खालचा जड सांगाडा, म्हणजे बेड, बहुतेक वेळा बिडाचा असतो. बीड म्हणजे कास्ट आयर्न. घरातला बिडाचा तवा आठवा, तोच धातू. (बीड जिल्ह्याशी संबंध नाही!) पोलाद याहून मजबूत असतं, पण बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात आणि त्या कंप गिळतात. मशीन थरथरलं की फोनच्या फ्रेमवर रेघा उठतात. म्हणून बीड.

मी राहतो राजूरला. आमच्याकडे भंडारदऱ्याचं पाणी आहे, भात आहे, पण फाउंड्री नाही. इथली पोरं आयटीआय करून सिन्नर, सातपूर, चाकणला जातात. बीड ओतण्याचं महाराष्ट्रातलं मोठं ठिकाण म्हणजे कोल्हापूर: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. परंपराही जुनी आहे. किर्लोस्करवाडी १९१० ची, तिथे लोखंडी नांगर ओतले जायचे. पुढे १९४१ मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला लेथ बनवायला कंपनी काढली. पण नांगराच्या फाळात एखादं भोक राहिलं तरी नांगरणी होते. लेथच्या बेडमध्ये ते चालत नाही.

दोष दिसतो तो सगळ्यात शेवटी

कास्टिंग साच्यातून बाहेर येतं तेव्हा वरून छान दिसतं. मग ते मिलिंगला जातं, वरची कातडी निघते आणि आत ब्लोहोल, म्हणजे गॅसची पोकळी, उघडी पडते. तोपर्यंत ओतकाम, सफाई, वाहतूक, मशीनिंग सगळ्याचा खर्च झालेला असतो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. दोन टनांचा बेड रिजेक्ट झाला तर १,२०० युनिट गेले. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची ती वर्षाची वीज. धातू परत भट्टीत टाकता येतो, पण वीज आणि कामगाराचे तास परत येत नाहीत. लहान फाउंड्रीचा नफा जातो तो इथे.

ही पोकळी होते कशी? तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे धातू १,३५० अंशांच्या आसपास असतो. ओल्या वाळूच्या साच्यात ३ ते ४ टक्के पाणी मुद्दाम ठेवतात, नाहीतर वाळू धरत नाही. पण एक चमचा पाण्याची ८ लिटरहून जास्त वाफ होते. वाळूतून ती निघून गेली तर ठीक, नाहीतर धातूत घुसते. पावसाळ्यात उघड्यावरच्या वाळूने रिजेक्शन वाढणं यात नवल नाही. मोठ्या बेडसाठी बहुधा रेझिनची वाळू वापरतात. तिथे पाणी नसतं, पण रेझिन जास्त पडलं की गॅस होतोच. साच्यात गंजलेला लोखंडी आधार ठेवला तरी तेच.

दुसरं, भंगार. स्वस्त भंगारात शिसं मिसळून आलं तर अगदी हजारांश टक्क्यांतही ते ग्राफाइटचा आकार बिघडवतं आणि बीड कमजोर होतं. हे डोळ्यांनी कळत नाही, स्पेक्ट्रोमीटरच लागतो.

तिसरं, वेळ. ओतण्याआधी धातूत थोडं फेरोसिलिकॉन टाकतात, त्याने ग्राफाइट नीट बसतं. त्याचा असर दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. क्रेन अडकली, लॅडल उशिरा पोहोचली, की कास्टिंगच्या पातळ कडा काचेसारख्या कडक होतात आणि टूल मोडतं. जुने मिस्त्री पाचरीसारखा छोटा तुकडा ओतून तो फोडायचे आणि टोकाची पांढरी पट्टी बघून धातू ओतायचा की नाही ते ठरवायचे. ती चाचणी आजही चालते.

आणि एक दोष असा की त्यात भोकच नसतं. जाड भाग उशिरा थंड होतो, पातळ आधी, आणि आत ताण अडकतो. मशीनिंग झाल्यावर बेड हळूहळू काही मायक्रॉन वाकतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. पूर्वी कास्टिंग महिनोन्‌महिने उघड्यावर टाकून ठेवायचे, आता ५०० ते ६०० अंशांच्या भट्टीत तापवून सावकाश थंड करतात.

मग एआय कॅमेरा?

सध्या फाउंड्रीला एआय कॅमेरे विकणाऱ्यांची रांग आहे. माझं मत विचाराल तर कॅमेरा पृष्ठभाग बघतो आणि ब्लोहोल कातडीखाली असतं. शिवाय पकडणं आणि टाळणं वेगळं. त्यापेक्षा वाळूची ओल दर तासाला मोजणं, प्रत्येक लॅडलची वेळ आणि तापमान नोंदवणं यात जास्त पैसे वाचतात. संगणक खरा कामाला येतो तो ओतण्याआधी. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या टीमने तयार केलेलं ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर कास्टिंगचा कुठला भाग शेवटी थंड होईल ते दाखवतं. तिथे रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, ठेवला की आकुंचनाची पोकळी कास्टिंगमध्ये न होता रायझरमध्ये होते.

अनुदानाचे पैसे नव्या सीएनसीवर जातील, आणि जावेतही. पण तिचा बेड आयात झाला तर मशीन अर्धीच देशी. म्हणून या योजनेचे अर्ज मंजूर होताना मी पहिल्यांदा बघणार आहे की मशीनवाल्यांच्या मागे उभ्या असलेल्या फाउंड्रीपर्यंत, तिच्या वाळूच्या लॅबपर्यंत आणि तिथे नोंदी ठेवणाऱ्या पोराच्या पगारापर्यंत त्यातलं किती पोहोचतं.