बारा बोअरचा बार आणि सायलेन्सरचा डबा

या सदरात हॉर्न आले, डीजे आला, मिरवणुकीतले ढोलही आले. आज बंदूक. निमित्त अमेरिकेचं आहे. तिथे १ जानेवारी २०२६ पासून बंदुकीच्या सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला. १९३४ च्या कायद्याने बसवलेला हा कर नव्वदहून अधिक वर्षं टिकला. नोंदणी आणि चौकशी अजून आहेच. कर काढा म्हणणारे सांगत होते, शिकाऱ्यांचे कान वाचतील. विरोधक सांगत होते, मारेकऱ्याचा बार कुणाला ऐकूच येणार नाही. शॉटगनपुरतं बोलायचं तर दोन्ही पक्ष सिनेमे जरा जास्तच पाहतात.

‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) मधला खलनायक नळीवर जाडजूड डबा लावलेली शॉटगन घेऊन हिंडतो आणि बार उडतो तो दबक्या ‘फुस्स’सारखा. कथा १९८० सालची. त्याच्या हातातली रेमिंग्टन ११-८७ बाजारात आली १९८७ मध्ये. आणि बारा बोअरवर बसणारा, दुकानात सरळ विकत मिळणारा सायलेन्सर गाजला तो थेट २०१४ मध्ये, सायलेन्सरको कंपनीचा ‘साल्व्हो १२’ आला तेव्हा. हिराम पर्सी मॅक्सिमने सायलेन्सरचं पेटंट घेतलं १९०९ मध्ये. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. बाप स्वतःच्या बंदुकांच्या आवाजाने बहिरा झालेला. मग शॉटगनला शंभर वर्षं का लागली?

कारण अडचण नळीच्या तोंडाशीच आहे. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर. पॉइंट टू-टू रायफलची साडेपाचच्या आसपास. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर शॉटगनचं भोक अकरापट मोठं. सायलेन्सरचं काम एवढंच, की गोळीमागून सुटणारा तापलेला वायू पडद्यापडद्यांत अडकवून सावकाश सोडायचा. पण भोक एवढं मोठं ठेवावं लागलं, की वायू मधल्या वाटेने सरळ बाहेर. शिवाय शॉटगनमधून एक गोळी निघत नाही. छर्रे निघतात आणि त्यांना धरून ठेवणारी प्लास्टिकची वाटी निघते. नळीबाहेर पडताच या वाटीच्या पाकळ्या उलगडतात. त्या पडद्यांत अडकल्या तर डबाच उडायचा. म्हणून साल्व्होमध्ये वाटीला वाट दाखवणाऱ्या लांब सळया घालाव्या लागल्या. डबा त्यामुळे लांबला, नळीचं टोक जड झालं. उडत्या पाखरावर बंदूक झरकन फिरवणाऱ्याला हे जड टोक नकोसंच होणार. दुनळीचं तर नावच नको. जवळजवळ चिकटलेल्या दोन नळ्यांवर डबा बसवणार कसा?

एवढं करूनही छर्रे सुटतात ते ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने. त्याचा कडाका हवेतच होतो, त्याला कुठला डबा पुरे पडणार? कमी वेगाची काडतुसं मिळतात; त्यांनी आवाज उतरतो, तसा पल्लाही उतरतो.

आता आकडे. बारा बोअरचा उघडा बार चालवणाऱ्याच्या कानापाशी १५० ते १६५ डेसिबलपर्यंत जातो. साल्व्होचा कंपनीने सांगितलेला आकडा १३७ च्या आसपास. १६० वरून १३७ म्हणजे ऊर्जा दोनशेपट कमी. ही घट लहान नाही, ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण क्षणिक धमाक्याची धोक्याची रेषा १४० ला मानतात, आणि आपल्याकडे फटाक्याला चार मीटरवर १४५ ची मर्यादा आहे. म्हणजे डबा लावलेली शॉटगन फार तर नियमात बसणारा सुतळी बॉम्ब. त्याला गुपचूप म्हणणं हास्यास्पद, आणि दिवसभर कानाशी फोडत राहणं सुरक्षित म्हणणं त्याहून वाईट. माझं मत सरळ आहे : रायफलवाल्यांच्या बाबतीत ‘कान वाचवा’ या युक्तिवादात दम आहे, शॉटगनच्या बाबतीत आवाज नळीवर नव्हे, कानावर अडवायला हवा.

आपल्याकडे वादाला जागाच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज कमी करणारं साधनदेखील ‘बंदूक’च धरलं आहे. तेव्हा रानडुकरांपासून भात राखायला शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या सिंधुदुर्गातल्या बंदुका उघड्याच वाजणार. त्या चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणून आधी जातो तो डावा कान. सुरुवातीला बोलणं ऐकू येतं, पण बारीक, उंच आवाज हरवतात आणि कानात शिट्टी वाजत राहते. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही. फोमचे बोळे नीट पिळून आत बसवले तर वीसेक डेसिबल सहज अडवतात, वर इअरमफ चढवला तर आणखी थोडे. राखणीला जाताना काडतुसांबरोबर तेही खिशात ठेवा, आणि बॅटरी धरणाऱ्या पोराच्याही कानांत घाला.