कायद्याची दोन मापे

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आराखडा जाहीर केला. नव्या उद्योजकाच्या वाटेतील कायद्याचे काटे काढणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तत्त्व त्यामागे होते. संगणकप्रणाली तयार करणाऱ्या आणि तत्सम तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या कंपन्या या तत्त्वाच्या मोठ्या लाभधारक ठरल्या. पात्र नवउद्योगांना नफ्यावरील प्राप्तिकरात तीन वर्षे सूट मिळते. पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत, काही कामगार कायद्यांखाली स्वयंप्रमाणनाची मुभा आणि भांडवलासाठी १०,००० कोटी रुपयांचा निधी, अशी ही व्यवस्था आहे. गुंतवणूकदारांनी 'एंजल टॅक्स'विरुद्ध ओरड केली, तेव्हा २०२४ च्या अर्थसंकल्पात तोही रद्द करण्यात आला. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. प्रश्न असा आहे की, हे तत्त्व पुणे-बंगळूरच्या वेशीपाशीच का थांबते?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलात गेल्या दीड दशकात एक नवा उद्योग जन्माला आला आहे. त्याचा मालक कोणी भांडवलदार नसून संपूर्ण ग्रामसभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदूपान आदी गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काची सनद मिळाली. परंतु सनद हाती आली तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. बांबू हे झाड की गवत, या वादात मालक आपलाच माल विकू शकत नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपविला आणि वनोपज स्वामित्वशुल्कातून मुक्त केले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावानेही आपला बांबू आपण विकून दाखविला.

हक्काची लढाई अशी बऱ्याच अंशी जिंकली गेली. व्यवहाराची लढाई मात्र बाकी आहे. तेंदूपानाचा हंगाम उन्हाळ्यातील काही आठवड्यांचा असतो. पान तोडणाऱ्याला मजुरी तत्काळ हवी असते आणि ग्रामसभेजवळ खेळते भांडवल नसते. जंगल गहाण टाकता येत नाही आणि टाकता येऊही नये. मग बँक कशाच्या आधारावर कर्ज देणार? साहजिकच ठेकेदाराची उचल घ्यावी लागते, आणि जो उचल देतो तोच भाव ठरवितो. त्याने पुढील हप्ता थकविला तर करारावर सही करणाऱ्या दोन-चार गावकऱ्यांनी जिल्ह्याच्या न्यायालयात किती वर्षे खेटे घालायचे? ग्रामपंचायतीला स्थानिक प्राधिकरण म्हणून प्राप्तिकरातून सूट मिळते. त्या व्याख्येत ग्रामसभेचा नामनिर्देश नाही. २०१७ मध्ये तेंदूपानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. तो ५ टक्क्यांवर येण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले.

याउलट कंपनीला कायदा जन्मापासून मरणापर्यंत सांभाळतो. ज्या बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या कागद गिरणीला या जंगलातील बांबू दशकानुदशके ठेक्याने मिळत होता, ती कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्यासाठी २०१६ ची संहिता तयार होती. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित असते. ग्रामसभेच्या वतीने सही करणाऱ्या आदिवासीला असे संरक्षण स्पष्ट शब्दांत कोठे आहे?

यावर काही तज्ज्ञांचे उत्तर तयार असते: ग्रामसभांनी उत्पादक कंपनी स्थापन करावी. हा सल्ला घातक आहे. ग्रामसभेत गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष जन्मसिद्ध सभासद असतो. कंपनीत ज्याने भाग घेतला तोच मालक. एकदा मालकी भागांत विभागली की भूमिहीन, विधवा आणि अशिक्षित हळूहळू बाहेर पडतात आणि कारभार चार शिकलेल्या घरांच्या हाती जातो. लोकांना कायद्याच्या साच्यात बसविण्यापेक्षा कायद्याने लोकांच्या संस्थेला ती आहे तशी ओळखले पाहिजे. करार, बँक आणि कर या तिन्ही क्षेत्रांत ग्रामसभेला तिच्या स्वतःच्या नावाने विधिमान्य व्यक्ती मानावे, तिच्या वननिधीला प्राप्तिकरातून स्पष्ट सूट द्यावी, हंगामापूर्वी खेळते भांडवल देणारा सार्वजनिक निधी उभारावा आणि थकबाकीदार ठेकेदारांविरुद्ध ठराविक मुदतीत निकाल देणारी यंत्रणा जिल्ह्यातच असावी. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांना जे मागताच मिळाले, त्याहून यात अधिक काही नाही.

परंतु मागण्यांचे निवेदन देऊन कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. सत्ता विकेंद्रित झाली तरी हिशेब एका वहीत बंद राहिला, तर नवा मध्यस्थ गावातच निर्माण होतो. करार मराठीत व गोंडीत वाचून दाखविणे, जमाखर्च भर सभेत मांडणे, वनसमितीत स्त्रियांचा आवाज ऐकला जाईल हे पाहणे आणि गावातील तरुणांना हिशेबनीस म्हणून तयार करणे, हे नीरस वाटणारे काम आजचे खरे राजकीय काम आहे. मेंढ्याच्या लोकांनी 'आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा दिली. ती खरी व्हायची असेल, तर गावच्या सरकारला आपली तिजोरीही चोख सांभाळता आली पाहिजे आणि दिल्ली-मुंबईच्या सरकारांना तिची मालकी निमूटपणे मान्य करावी लागली पाहिजे.