पित्ताशय वाचवायचंय, पण कोणापासून?

मराठीत दोन शब्दांनी मोठा घोटाळा करून ठेवलाय. एक ‘खडा’ आणि दुसरा ‘दुर्बीण’. मूत्रपिंडात झाला तरी खडा, पित्ताशयात झाला तरी खडा. आमच्या घरांतल्या दखनीत दोन्हीला ‘पथरी’. किडनीतला खडा दुर्बिणीने काढतात आणि किडनी जागेवर राहते. मग पित्ताशयातला खडा काढायचा म्हटलं की डॉक्टर अख्खी पिशवीच का काढतात? नगरच्या झेंडीगेटपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात हा प्रश्न ऐकू येईल. तो अडाणीपणाचा मुळीच नाही, रास्त आहे. अडचण अशी, की उत्तर द्यायला डॉक्टरला वेळ नसतो आणि ज्याच्याकडे वेळ असतो तो काहीतरी विकायला बसलेला असतो.

विकणारा सांगतो, पित्ताशय न काढता खडा काढून देतो. मग पुड्या येतात, कलौंजीचं तेल येतं, हिजामा येतो आणि मोबाइलवर फिरणारा ‘लिव्हर फ्लश’ येतो. पैसे जातात ते जातातच, त्याहून वाईट म्हणजे वर्ष-दोन वर्षं जातात. एका रात्री तिच्या पोटात अशी कळ येते की घरातले गाडी शोधत धावतात. ‘तिच्या’ म्हणालो, कारण हे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात आणि बायकांचं पोट दुखणं आपल्याकडे ‘गॅस’ या एका शब्दात संपवलं जातं. रमजानमध्ये तर विचारूच नका. दिवसभर रोजा, मग इफ्तारला भजी आणि समोसे, आणि तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ. घरातले म्हणतात, जास्त खाल्लंस.

आधी त्या रास्त प्रश्नाचं उत्तर.

पित्ताशय ही यकृताखाली चिकटलेली छोटी पिशवी. तिच्यात तीस ते पन्नास मिलिलिटर पित्त मावतं. पित्त तयार करतं ते यकृत, दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर. पिशवी त्यातलं थोडं साठवून घट्ट करते आणि तेलकट-तुपकट पोटात गेलं की आवळून आतड्यात सोडते. पित्तात विरघळेल त्याहून जास्त कोलेस्टेरॉल आलं आणि पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली की खडा जमतो. आता खडा काढला आणि पिशवी ठेवली, तर पित्त तेच, पिशवीही तीच. पुन्हा खडा जमायला मोकळी जागा. किडनीतही खडे पुन्हा होतात, पण किडनी काढून चालत नाही, पित्ताशयावाचून चालतं. शिवाय किडनीतून सुटलेला बारीक खडा लघवीवाटे बाहेर पडायची शक्यता असते. पित्ताशयातून सुटलेला बारीक खडा पित्तनलिकेत उतरतो. तिथे अडकला तर कावीळ, आणि स्वादुपिंडाची वाट अडवली तर त्याला सूज, जी जिवावर बेतू शकते. म्हणून ‘मोठा खडा बारीक करून देतो’ हे आश्वासन किडनीसाठी दिलासा आहे आणि पित्ताशयासाठी धोका.

पिशवी ठेवून खडे काढणं ही नवी गोष्ट असल्यासारखं सांगतात. ती पिशवी काढण्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत जॉन बॉब्स या सर्जनने १८६७ मध्ये पित्ताशय उघडून खडे काढले आणि पित्ताशय आतच ठेवलं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशयच काढलं, कारण खडे तयार करणारी जागा तीच, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे शंभर वर्षांनी उलटा प्रयत्न झाला. १९८०च्या दशकात म्युनिकला ध्वनिलहरींनी पित्ताशयातले खडे फोडून पाहिले. ‘अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड’च्या गोळ्या आल्या. या गोळ्या खोट्या नाहीत. चुना न धरलेला, कोलेस्टेरॉलचा लहान खडा आणि चालतं पित्ताशय असेल, तर सहा महिने ते दोन वर्षांत खडा विरघळू शकतो. पण गोळ्या थांबल्यावर पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना खडे परत होतात. २०१६ मध्ये युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट लिहिलं, की नुसत्या गोळ्या किंवा गोळ्या आणि ध्वनिलहरी हा पित्तखड्यांचा उपचार म्हणून सुचवू नये. चीनमधल्या काही रुग्णालयांत आजही छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून खडे काढतात आणि पित्ताशय शिवून ठेवतात. परत खडे होण्याचे त्यांचे आकडे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

‘दुर्बीण’ या शब्दाचा घोटाळा आणखी वेगळा. पोटाला तीन-चार छिद्रं पाडून पित्ताशय काढतात, ती एक दुर्बीण. भारतात ही शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरू केली. तोंडातून नळी घालून पित्तनलिकेत अडकलेला खडा काढतात, ती दुसरी. दुसरी झाली की घरी सांगतात, दुर्बिणीने खडा काढला, पित्ताशय वाचलं. वाचलं नाही, त्याचा निकाल अजून लागायचाय. खडे तयार करणारी पिशवी आत आहे आणि बहुतेकांना पुढे ती काढावीच लागते. तिथेच पेशंट यायचा थांबतो.

आता ‘लिव्हर फ्लश’. सफरचंदाचा रस, मग ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी हिरवे खडे पडतील. पडतात खरे! न्यूझीलंडमधल्या एका बाईने ते डॉक्टरांना आणून दाखवले आणि त्यांची तपासणी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. त्या गोळ्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, थोड्या उष्णतेने त्या वितळल्या. प्यायलेल्या तेलाचा आणि लिंबाच्या रसाचा पोटात बनलेला तो साबण होता. आपलेच पैसे, आपलंच तेल, आपलाच साबण.

धर्माच्या नावाने जे चालतं त्याचा मला जास्त राग आहे. शरीर अल्लाहची अमानत, म्हणून अवयव काढू नये, असं सांगून औषध विकणारे आहेत. अमानत म्हणजे सांभाळायची वस्तू. पू झालेली पिशवी पोटात फुटेपर्यंत ठेवणं याला कोणत्या मौलानांनी सांभाळणं म्हटलंय? इलाज करण्याची शिकवण पैगंबरांची आहे. इ.स. १००० च्या सुमारास कॉर्डोबाचे अबुल कासिम अज़-ज़हरावी शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रं काढून ग्रंथ लिहीत होते, मूत्राशयातला खडा कसा काढायचा हे सांगत होते. त्यांचं नाव जलशात घ्यायचं आणि घरातल्या बाईला ऑपरेशन टेबलापासून लांब ठेवायचं, हा आमचा अभिमान. हिजामा पाठीवर होतो. तिथून पित्ताशयातल्या खड्यापर्यंत वाट नाही.

एवढं वाचून सर्जन मंडळी खूश झाली असतील, तर त्यांनी जरा थांबावं. बायका ऑपरेशनला घाबरतात ते उगाच नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या बीडमध्ये २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाथर्डी-जामखेडच्या टोळ्याही त्याच उसात जातात, ही बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. ‘पिशवी काढून टाका, कटकट नको’ हे वाक्य तिने एकदा ऐकलंय. दुसऱ्या पिशवीबद्दल तेच वाक्य ऐकल्यावर ती पुडीवाल्याकडे जाते. तो विश्वास पुडीवाल्याने कमावलेला नाही, तुमच्यातल्या काहींनी घालवलेला आहे.

आणि पित्ताशय वाचवण्याची खरी, फुकटची पद्धत तुम्ही सांगतच नाही: खडा दुखत नसेल तर त्याला हात लावायचा नाही. मिशिगन विद्यापीठातल्या मुका खडा असलेल्या १२३ कर्मचाऱ्यांवर १९८२ मध्ये अभ्यास छापून आला. पंधरा वर्षांत शंभरातल्या अठरा जणांना त्रास झाला, बाकीचे खडा घेऊन आपापली कामं करत राहिले. त्यात पुरुषच जास्त होते हे खरं, पण त्रास नसताना ऑपरेशन करू नये, हे आज सगळीकडे मान्य आहे. पित्ताशयाच्या भिंतीत चुना भरलेला असेल, सोबत मोठी गाठ असेल, खडा तीन सेंटिमीटरच्या वर असेल, तर गोष्ट वेगळी. ‘कॅन्सर होईल’ ही भीती गंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला घाला, तिथे पित्ताशयाचा कॅन्सर खरंच जास्त आहे. नगरच्या बाईला सरसकट घालू नका. एखाद-दुसरी कळ आलेल्यांतही घाई असतेच असं नाही. ब्रिटनमधल्या ४३४ रुग्णांच्या पाहणीत, ज्यांना आधी थांबून पाहायला सांगितलं त्यांच्यातल्या फक्त पाव जणांचं दीड वर्षात ऑपरेशन झालं आणि दुखण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले. काढल्यावर काहींना पातळ शौचाचा त्रास राहतो, हजारात तीन ते पाच जणांच्या पित्तनलिकेला इजा होते. हेही आधी सांगायचं असतं.

‘आमच्या पेशंटला हे कळत नाही’ हे नगर जिल्ह्यात तरी बोलू नये. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं आणि त्यांनी गावंच्या गावं शहाणी केली.

शेवटचं आमच्या जमाती आणि ट्रस्टवाल्यांसाठी. ईद-ए-मिलादला तुम्ही मोफत तपासणी शिबिर घेता. कुठे कुठे सोनोग्राफीही असते. ठणठणीत बाई रांगेत उभी राहते आणि खडा घेऊन घरी जाते. तिथून ती एकतर ऑपरेशनच्या यादीत जाते, नाहीतर पुडीवाल्याच्या. यंदा सोनोग्राफी ठेवणार असाल तर शेजारी एक डॉक्टरीणबाई बसवा, आणि रिपोर्टवर मराठीत आणि उर्दूत एवढं छापून द्या: दुखत नसेल तर काही करू नका. उजव्या बरगडीखाली कळ येऊन तासन्‌तास राहिली, सोबत ताप आला, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. कागदाच्या मागची बाजू कोरी असते, तिथे मावेल.