निळ्या पासपोर्टचे बिल

सुरुवातीलाच माफी मागते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदी आनंदच आहे. पण विषय पैशाचा आहे, आणि पैशाचं रडगाणं मातृभाषेतच नीट गाता येतं!

तर झालं असं. माझा जन्म न्यू जर्सीचा. बाबा तेव्हा एच-वन-बी व्हिसावर तिकडे नोकरीला होते. मी तीन वर्षांची असताना आम्ही कायमचे परत आलो. पण जन्म तिथला म्हणून मी अमेरिकेची नागरिक. माझ्याकडे निळा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. हॉस्टेलवर त्याचा केवढा भाव! "तुला काय बाई, व्हिसाची लाईन नाही," असं मेसमध्ये कुणीतरी म्हणतंच. आणि खोटं कशाला बोलू, मीही मिरवून घ्यायचे.

२०२५ मध्ये मी आमच्या गावातल्या काही दुकानांच्या आणि एका क्लासच्या वेबसाइट्स करून दिल्या. खर्च वजा जाता सत्त्याऐंशी हजार रुपये सुटले, म्हणजे साधारण १,००० डॉलर. पहिली कमाई! आईला साडी घेतली, रूममेट्सना पार्टी दिली. एवढ्या कमाईवर भारतात टॅक्स शून्य. मग एक दिवस ओळखीच्या सीए काकांनी सहज विचारलं, "अमेरिकेचं रिटर्न भरलंस का गं?" मला वाटलं, चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. बहुतेक देश आपल्याकडे राहणाऱ्यांकडून टॅक्स घेतात. अमेरिका मात्र आपल्या नागरिकाकडून घेते, मग तो राहो कुठेही! या बाबतीत तिच्या जोडीला नाव घेतलं जातं ते इरिट्रियाचं. ही पद्धत थेट १८६० च्या दशकातली, तिथल्या यादवी युद्धाच्या काळातली. पुढे मेक्सिकोत राहणारे कुक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ या कराविरुद्ध कोर्टात गेले. १९२४ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की देशाचा आधार नागरिकाला जगात कुठेही असतो, म्हणून करही कुठेही लागू शकतो.

माझी रूममेट म्हणाली, "बरोबरच आहे की! उद्या तू विमानात बसून तिकडे नोकरी करू शकतेस. आम्ही लॉटरीत नंबर लागायची वाट बघायची. मग थोडं बिल भर की!" तिच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. शिवाय परदेशात राहून कमावणाऱ्याला तो कायदा मोठी सूट देतो. २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंतची कमाई वगळता येते. त्यासाठी २५५५ नंबरचा फॉर्म भरायचा, की माझा इन्कम टॅक्स तिकडेही शून्य. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्याला तिकडे आणखी एक कर असतो, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. हा पेन्शन आणि म्हातारपणाच्या औषधपाण्यासाठी असतो. दर १५.३ टक्के. वरची सूट याला लागू नाही! निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की हा सुरू. ही ४०० ची मर्यादा १९५१ पासून आहे तिथेच आहे. हिशोब केला तर माझे १४१ डॉलर झाले, म्हणजे बारा हजारांच्या वर. सीए काका ओळखीचे म्हणून फी घेणार नाहीत, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! हेच पैसे मी इथल्या एखाद्या भारतीय कंपनीत पगार म्हणून मिळवले असते, तर हा कर लागलाच नसता.

बरं, पैसे भरून पेन्शन तरी मिळेल? त्यासाठी ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई हवी. माझी कमाई १,०००. म्हणजे १४१ डॉलर भरून माझ्या खात्यात क्रेडिट किती? शून्य!

हे मी बाबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "माझंही तेच झालं." त्यांनी तिकडे सहा वर्षं पगारातून ६.२ टक्के याच पेन्शनसाठी भरले, कंपनीनेही तेवढेच भरले. क्रेडिट झाले २४. चाळीसला सोळा कमी, म्हणून पेन्शन नाही, आणि भरलेले परतही नाहीत. बाप तिकडे राहून भरतो, लेक इकडे राहून भरते, हाती दोघांच्याही काही नाही!

यावर उपाय अस्तित्वात आहे. दोन देश करार करतात, की माणसाने हा कर एकाच देशात भरायचा आणि दोन्हीकडची वर्षं पेन्शनसाठी एकत्र धरायची. अमेरिकेचा असा पहिला करार इटलीशी, १९७८ साली लागू झाला. आज असे ३० करार आहेत, ब्रिटन, जर्मनी, जपान सगळे आहेत. भारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की नागरिकत्वाचं बिल मी जरूर भरीन, पण जे पेन्शन मिळणारच नाही त्याचं बिल का भरू? हा करार व्हायलाच हवा.

तोपर्यंत आपल्यापैकी जे माझ्यासारखे तिकडे जन्मलेले आहेत, त्यांनी लपून बसू नये. परदेशात राहणाऱ्यांना रिटर्नसाठी १५ जूनपर्यंत मुदत असते, पण टॅक्सवरचं व्याज १५ एप्रिलपासूनच चालू होतं. आजोबांनी तुमच्या नावावर एफडी ठेवली असेल आणि सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असेल, तर तेही वेगळं कळवावं लागतं. घरी विचारा. माझ्या आईबाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि ज्यांना वाटतं की हा आपला विषय नाही, त्यांनी फायनल इयरच्या नोटीस बोर्डासमोर जरा उभं राहावं. जीआरई देऊन, एमएस करून, एच-वनवर जाऊन पाच-सहा वर्षांत परत येणारे आपल्यातलेच असणार आहेत. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर तो ६.२ टक्क्यांचा आकडा असेलच!

मी १४१ डॉलर भरणार आहे. पुढची पार्टी मात्र आता रूममेटकडून!