गिऱ्हाइकाची मर्जी कुणाच्या जिवावर?

सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलींचा विषय निघाला की आपल्या संघटनांमधल्या पुष्कळ मैत्रिणींच्या कपाळावर आठी पडते. 'त्यांना कसले आलेत प्रश्न? गारेगार ऑफिस, भरपूर पगार!' घरकामगार, ऊसतोड मजूर, कचरावेचक बायकांमध्ये आयुष्य घालवलेल्यांना असं वाटणं मी समजू शकते. पण पुण्यात नोकरदार मुलींच्या तक्रारी हाताळताना मला जे दिसतं, त्यावरून ठामपणे म्हणायचं आहे, की स्टार्टअपमध्ये विक्रीचं काम करणारी मुलगी हा चळवळीचाच प्रश्न आहे.

ही मुलगी सॉफ्टवेअर लिहीत नाही, विकते. लातूर, जळगाव, सांगलीकडून आलेली, बी.बी.ए. नाहीतर एम.बी.ए. झालेली, कॉट बेसिसवर राहणारी. कार्डावर हुद्दा 'बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह'. दिवसभर फोन करायचे, भेटीची वेळ मागायची, कारखान्यात, हॉस्पिटलात, बिल्डरच्या ऑफिसात जाऊन हजेरीचं नाहीतर बिलांचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं, आणि मग महिना-दोन महिने पाठपुरावा करायचा. कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी, तिला वाढ दाखवायची घाई. पगाराचा एक भाग ठरलेला, उरलेला विक्रीवर. दोन-तीन महिने टार्गेट चुकलं की हातात 'सुधारणेची मुदत' देणारं पत्र, आणि त्यानंतर गोड बोलून मागून घेतलेला राजीनामा.

अशाच एका मुलीची तक्रार माझ्याकडे आली. गिऱ्हाईक एका कारखान्याचा मालक. आधी रात्री अकरा वाजता मेसेज, मग 'डेमो हॉटेलवर द्या', मग पाठीवर हात. तिने मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, 'महिनाअखेर आहे, तेवढं सांभाळून घे.' ती अडून बसली, तेव्हा ते गिऱ्हाईक तिच्याकडून काढून एका मुलाला दिलं. दोन महिने तिने खपून जमवलेला व्यवहार त्याने आठ दिवसांत पूर्ण केला. इन्सेंटिव्ह त्याचा. हिचं टार्गेट चुकलं आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली. कागदावर कारण काय? 'कामगिरी असमाधानकारक'. त्या कागदात छळाचा एक शब्द नाही!

मैत्रिणींनो, इथे छळ झाला एकाकडून, पण शिक्षा दिली कंपनीने. नेमणूक करताना हसरा चेहरा आणि गोड बोलणं हवं असतं. त्या हसण्याचा पैसा कंपनीच्या जमेला. त्याचा कुणी गैरफायदा घेतला, की तो मात्र तिचा खासगी मामला! टार्गेट सर्वांना सारखंच असतं, असं मॅनेजर लोक अभिमानाने सांगतात. ते गाठण्यासाठी मुलाला काय गिळावं लागतं आणि मुलीला काय, याचा हिशेब कोण मांडणार?

'गिऱ्हाईक बाहेरचा माणूस, आम्ही काय करणार?' हे कंपन्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांना भंवरीदेवीची आठवण करून द्यायला हवी. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली ही साथिन बालविवाह रोखण्याचं काम करत होती, म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिचे हल्लेखोर सहकारी नव्हते, वरिष्ठ नव्हते. कामामुळे ज्यांच्याशी गाठ पडली, ते गावातले पुरुष होते. त्या अन्यायातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. बाहेरच्या माणसाकडून छळ झाला तरी मालकाने पीडितेला मदत केली पाहिजे, हे त्यांतही होतं. २०१३ च्या कायद्याने कामासाठी जिथे जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाण मानली. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासून सुरक्षितता देणं हे कलम १९ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. बाईला फौजदारी तक्रार करायची असेल तर तिला साहाय्य करणं हेसुद्धा. छळ करणारा दुसऱ्या आस्थापनेतला असला, तरी बाईच्या स्वतःच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये दिला. म्हणजे 'बाहेरचा माणूस' ही सबब आता चालणार नाही.

दुसरा एक उपाय मोठ्या काळजीने सुचवला जातो. 'मुलींना बाहेर पाठवूच नका, ऑफिसात बसून फोन करू द्या.' ही काळजी आपल्या ओळखीची आहे. मुलीला त्रास झाला की तिची शाळा बंद करणारीच ही काळजी. मोठी गिऱ्हाइकं, मोठा इन्सेंटिव्ह, पुढची बढती, सगळं बाहेरच्या कामात आहे. तिला घरात, नाहीतर ऑफिसात कोंडून सुरक्षित ठेवणं म्हणजे छळ करणाऱ्याच्या हाती रस्ता सोपवणं.

आता आपल्याबद्दल. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिच्यावर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या प्रश्नांची जाण असलेली बाहेरची सदस्य घ्यावी लागते. म्हणजे तुम्ही-आम्ही! वार्षिक अहवालात 'तक्रारी : शून्य' असं लिहून पुढे सरकवलेल्या कागदावर सही करण्यापुरती ही जागा नाही. मी दोन कंपन्यांच्या समितीवर आहे. दरवर्षी तिथे मी विक्री विभागाचा तक्ता मागते. गेल्या वर्षात कोणत्या मुलीचं गिऱ्हाईक बदललं, का बदललं, आणि इन्सेंटिव्ह कुणाला मिळाला? तक्रारपेटीत कागद सापडला नाही तरी या तीन प्रश्नांत पुष्कळ सापडतं.

म्हणून प्रत्येक समितीवरच्या मैत्रिणीने या मागण्या लावून धराव्यात. छळामुळे गिऱ्हाईक सोडावं लागलं, तर केलेल्या कामाचा इन्सेंटिव्ह तिलाच मिळावा आणि तेवढं टार्गेट कमी व्हावं. गिऱ्हाइकाशी होणाऱ्या करारातच गैरवर्तनाचं कलम असावं. तक्रार चालू असताना 'कामगिरी'च्या नावाखाली कुणालाही काढू नये. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपनीतल्या मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे आपण स्वतः घेऊन जावं. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते, आणि तेवढे दिवस 'सांभाळून घे' ऐकण्यातच जातात.

ती मुलगी आपल्या मोर्चाला येत नाही, ही तक्रार पुरे झाली. तिच्या ऑफिसात आपल्यासाठी कायद्याने खुर्ची ठेवली आहे. त्या खुर्चीत बसून आता तोंड उघडू या.