दिवेलागणीची वीज

सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १२ तारखेस, म्हणजे त्या वर्षींच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं, सकाळीं दहापासून दुपारीं दोनपर्यंत एक लहानशी पण लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटी कंपनीनें असें जाहीर केलें कीं, या चार तासांत तिच्या सर्व ग्राहकांस मिळालेली वीज केवळ अक्षय साधनांची होती. तींत दगडी कोळशाचा वांटा मुळींच नव्हता. वार्ता आनंदाची आहे, यांत संशय नाहीं. परंतु घरांतील एखाद्या चौकस मुलानें ती वाचून, "आपण दिवे तर सहा वाजल्यानंतर लावले, मग ते कशावर जळले?" असें विचारलें, तर त्याला काय उत्तर द्यावें? अक्षय ऊर्जेविषयीं आज जी चर्चा चालते, तिचें सर्व मर्म या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुगृहिणीस यांतील अडचण समजावून देण्यास फारसे प्रयास पडणार नाहींत. धान्य कोठारांत वर्षभर राहतें. पाहुणा आला कीं चार मुठी अधिक घ्यावे, काम भागलें. दुधाचें तसें नाहीं. तें ज्या वेळीं येतें त्याच वेळीं त्याची व्यवस्था लावावी लागते. दगडी कोळसा हा धान्यासारखा आहे. त्याचा ढीग कारखान्याच्या अंगणांत पडून असतो आणि मागणी वाढली कीं तो भट्टींत लोटतां येतो. सूर्याची व वाऱ्याची वीज ही दुधासारखी आहे. दुपारीं ती उतूं जाते, सायंकाळीं भांडें रिकामें. आणि आपलीं घरें तर नेमकीं सायंकाळींच जागीं होतात. कचेरींतून माणसें परततात, स्वयंपाकघरांत गडबड उडते, मुलें अभ्यासास बसतात, आणि वैशाख असेल तर खोल्याखोल्यांतून थंड हवेचीं यंत्रें सुरू होतात. वीज कशी उत्पन्न करावी, हा प्रश्न आतां पुष्कळ अंशीं सुटलेला आहे. ती दिवेलागणीस कशी पुरवावी, हा सुटावयाचा आहे.

आपल्या बोरीवलीचा विजेशीं संबंध जुना आहे. ता. ५ जानेवारी १९२८ रोजीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेची गाडी कुलाब्याहून बोरीवलीपर्यंत धांवूं लागली. पुढच्याच वर्षीं उपनगरांस वीज पुरविण्याकरितां बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. तिचाच कारभार मधल्या एका हस्तांतरानंतर २०१८ सालीं आजच्या कंपनीकडे आला. त्या काळच्या मुंबईस वीज मिळे ती मुख्यतः सह्याद्रीच्या पाण्याची. टाटांचें खोपोलीचें केंद्र १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावर पावसाचें पाणी अडवावें, नळांतून तें कोंकणांत उतरवावें आणि त्याच्या जोरावर गिरण्या चालवाव्या, अशी ती योजना. तेव्हां ज्या ऊर्जेस आपण आज नवी म्हणतों, ती या शहरास आपल्या पणजोबांच्या वेळेपासून ठाऊक आहे. पुढें शहर वाढलें, पाणी पुरेनासें झालें. १९५६ सालीं तुर्भ्यास औष्णिक केंद्र आलें आणि १९९५ च्या सुमारास उपनगरांकरितां डहाणूस ५०० मेगावॅटचें कोळशाचें केंद्र उभें राहिलें.

डहाणू आपल्याच लोहमार्गावर, बोरीवलीहून सुमारें नव्वद किलोमीटर. तेथले चिकू आपल्या घरीं आवडीनें येतात. परंतु आपल्या घरचे दिवे लावणारा कोळसा त्याच वाड्यांच्या शेजारीं जळतो, हें आपल्यापैकीं कितीकांच्या ध्यानीं असेल? डहाणूकरांनीं या केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा केला. केंद्र सरकारनें १९९१ सालीं त्या तालुक्यास पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरविलें. १९९६ सालीं न्यायालयाच्या आज्ञेनें न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमलें गेलें. आणि धुरांतील गंधकाचा वायु धुऊन काढणारी यंत्रणा तेथें बसली ती २००७ सालीं. केंद्र सुरू झाल्यापासून तोंपर्यंत सुमारें बारा वर्षें गेलीं. उपनगरांतला उजेड स्वस्त होता असें म्हणावयाचें, तर त्याच्या किंमतीचा कांहीं भाग डहाणूच्या माथीं होता, हेंही त्याबरोबरच म्हटलें पाहिजे.

मग असें केंद्र उद्यांच बंद कां करूं नये? उत्साही तरुणांचा हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सर्व मुंबईनें अनुभविलें. त्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास बाहेरून वीज आणणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांत बिघाड झाला. शहराजवळच्या केंद्रांवर शहर सांवरून धरण्याची जी व्यवस्था होती, तीही अपुरी पडली. आणि लोकल गाड्या, उद्वाहनें व कचेऱ्या जागच्या जागीं थांबल्या. मुंबई ही समुद्र, खाड्या आणि डोंगर यांमध्यें दाटीनें बसलेली नगरी. तिच्या पोटांत सौर पटलें पसरण्यास माळरान नाहीं, आणि बाहेरून वीज आणावयाची तर तारांना वाट सांपडणें कठीण. उपनगरांसाठीं घेतलेली सूर्य व वारा यांची ७०० मेगावॅटची वीज राजस्थानांत जैसलमेराकडे उत्पन्न होते. ती इतक्या दुरून येते, तेव्हां वाटेवरील प्रत्येक दुवा शाबूत असावा लागतो. खारघर-विक्रोळी ही नवी वाहिनी २०२३ सालीं सुरू झाल्यानें कांहीं सोय झाली. वाडा तालुक्यांतील कुडूसपासून आरेपर्यंत १००० मेगावॅटची दुसरीही आंखण्यांत आली. परंतु जुना खांब काढण्यापूर्वीं नवा टेकू भक्कम बसला आहे कीं नाहीं, हें पाहावेंच लागतें. आणि अशा टेकूस वर्षें लागतात.

आतां दुधाच्या उपमेकडे वळूं. उरलेल्या दुधास विरजण लावावें, तसा विजेचाही सांठा करतां येतो. एक मार्ग बॅटऱ्यांचा. त्यांची किंमत उतरत असली, तरी अख्ख्या शहराची सबंध रात्र त्यांवर काढणें अद्याप परवडणारें नाहीं. दुसरा मार्ग आपल्या ओळखीच्या सह्याद्रींत आहे. विजेची रेलचेल असतांना खालच्या तळ्यांतलें पाणी पंपानें वर चढवावयाचें आणि सायंकाळीं तेंच खालीं सोडून वीज घ्यावयाची. या उलाढालींत शंभर युनिटें घातलीं तर पंचाहत्तर-ऐंशीं हातीं येतात. पण वेळेवर येतात, हें मोल लहान नाहीं. भिऱ्यास १५० मेगावॅटचें असें यंत्र कित्येक वर्षें चालू आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील घाटघर येथें २५० मेगावॅटचें केंद्र २००८ सालीं सुरू झालें. आणि २०२३ सालीं शिरवटा येथें १८०० व भिवपुरी येथें १००० मेगावॅटच्या अशाच मोठ्या योजनांसाठीं टाटांनीं राज्य सरकारशीं करार केला.

म्हणजे शंभर वर्षांनीं मुंबई पुन्हा त्याच डोंगरांच्या दारीं उभी आहे. म्हणूनच येथें मुळशीचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. भिऱ्याचें केंद्र ज्या पाण्यावर चालतें, त्या मुळशीच्या धरणाखालीं मावळ्यांचीं भातशेतें व गांवें गेलीं. १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं तेथें सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांनीं आणि पांडुरंग महादेव बापट यांनीं त्याचें पुढारीपण केलें, आणि बापटांस लोक 'सेनापति' म्हणूं लागले ते या लढ्यापासून. धरण थांबलें नाहीं. यांत आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी अशी गोष्ट ही कीं, त्या जमिनींपैकीं पुष्कळींचे कागदोपत्री धनी पुण्याचे सावकार होते. त्यांस मोबदल्यानें समाधान झालें. जमीन कसणारे मात्र देशोधडीस लागले. आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांतून तो हिशेब झाला, हें विसरतां कामा नये. पाण्याची वीज धूर सोडीत नाहीं, एवढ्यानें ती निर्दोष ठरत नाहीं. कोणाची जमीन गेली, त्यास काय मिळालें आणि त्याच्या घरीं दिवा लागला कीं नाहीं, हे प्रश्न तेव्हां जसे होते तसेच आजही विचारण्यासारखे आहेत. आणि तो दिवा ज्यांच्या घरीं जळणार, त्यांनींच ते प्रथम विचारावे, हें उचित.

दुसऱ्याच्या डोंगराकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या छपराकडे पाहणें बरें. येथें हिशेब केल्यावांचून बोलूं नये. एक किलोवॅटच्या सौर पटलांस सुमारें शंभर चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीनें त्यांतून दिवसास चारेक युनिटें मिळतात. ज्या कुटुंबास महिन्याकांठीं तीनशें युनिटें लागतात, त्याला अडीचशें चौरस फूट गच्ची हवी. बोरीवलीच्या जुन्या तीन मजली, बारा बिऱ्हाडांच्या इमारतीस हें कदाचित् साधेल. परंतु आज त्या पाडून त्यांच्या जागीं बावीस मजली मनोरे उठत आहेत. एका मजल्यावर चार बिऱ्हाडें धरलीं तर अठ्ठ्याऐंशीं कुटुंबें. त्यांस बावीस हजार चौरस फूट गच्ची पाहिजे, आणि वर तर पाण्याच्या टाक्या व उद्वाहनाची खोली वजा जातां चार-पांच हजारही सुटत नाहीं. तेव्हां "गच्चीवर पटलें लावा आणि बिल विसरा", ही भाषा मनोऱ्यांत राहणारांस लागू नाहीं. तथापि उद्वाहन, पाण्याचा पंप आणि जिन्यांतले दिवे एवढा सामाईक खर्च त्या गच्चींतून बहुतांशीं भागूं शकतो. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठीं दर किलोवॅटमागें १८,००० रुपये साहाय्य ठेवण्यांत आलें, तें याच हेतूनें. ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास ठरत आहे, त्यांनीं करारावर सही करण्यापूर्वींच गच्चीचा नकाशा मागवावा. टाक्या व खोली उत्तरेच्या बाजूस घेण्यास सांगावें, म्हणजे त्यांची छाया पटलांवर पडणार नाहीं. मागाहून ही सुधारणा होत नाहीं. चार महिन्यांच्या पावसाळ्यांत हें उत्पन्न बरेंच घटतें, हेंही सभेंत आधींच सांगून ठेवावें, म्हणजे मागाहून कुरकुर होणार नाहीं. सुदैव इतकेंच कीं, त्याच दिवसांत साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारावर वारा जोरांत असतो. एकाची उणीव दुसरा कांहींशी भरून काढतो.

शेवटीं घरांतल्या वेळापत्रकाविषयीं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं नियम करून असें धोरण घातलें आहे कीं, सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत विजेचा दर निदान वीस टक्क्यांनीं कमी असावा आणि अधिक मागणीच्या वेळीं तो चढा असावा. हें युक्तच आहे. जें काम दुपारीं होण्यासारखें आहे, तें दुपारीं केल्यानें सायंकाळचा भार हलका होतो. धुण्याचें यंत्र, पाणी तापविणें, इस्त्री, दळण, हीं कामें दिवेलागणीपूर्वीं उरकतां येतील. परंतु हा उपदेश ऐकून घरांतील सर्वांच्या नजरा एकाच दिशेस वळण्याचा संभव आहे, त्यास आमचा विरोध आहे. बोरीवलीच्या फलाटावर सकाळीं आठ वाजतां जाऊन पाहावें. सुना आणि लेकी पुरुषांच्या बरोबरीनें गाडीस लोंबकळत कचेरीस जात असतात. त्यांनीं दुपारीं धुणें कसें लावावें? आणि सुटीचा एकुलता एक दिवस त्यांनीं त्यांतच घालवावा काय? एकत्र कुटुंबाचा मोठेपणा अशाच प्रसंगीं दिसला पाहिजे. दुपारीं घरीं कोणी तरी असतेंच. आजोबांनीं वर्तमानपत्र संपवून यंत्राची कळ दाबली, तर त्यांच्या प्रतिष्ठेस बाध येणार नाहीं. शाळेंतून आलेल्या नातवानें कपडे वाळत घातले, तर त्याच्या अभ्यासाचें नुकसान होणार नाहीं.

डहाणूचा माळी, मुळशीचा मावळा आणि घरची सून, या तिघांची गोष्ट एका दृष्टीनें एकच आहे. प्रत्येक वेळीं सोय सर्वांची होते आणि तिचा भार जो बोलत नाहीं त्याच्यावर पडतो. कोळसा जाऊन सूर्य आला, एवढ्यानें ही रीत बदलत नाहीं; ती बदलण्यास निराळे श्रम लागतात. ते श्रम घरापासून आरंभिले तर सोपे जातील. या महिन्याचें विजेचें बिल आलें म्हणजे तें एकट्या कर्त्या पुरुषानें पाहून खणांत टाकूं नये. सर्वांसमक्ष वाचावें, कोणतें काम कोणत्या वेळीं होतें याची यादी करावी, त्यांतलें कोणतें दुपारीं हलवितां येईल आणि तें कोण करील, हें नांवानिशीं ठरवावें. संस्थेची पुढील वार्षिक सभा जवळ असेल, तर गच्चीचा विषय लेखी कळवावा. इतकें झाल्यावर मुलानें दिवेलागणीचा तो प्रश्न पुन्हा विचारला, तर निदान आपल्या वांट्याचें उत्तर आपल्यापाशीं असेल.