स्क्रिप्ट स्वस्त आवृत्तीतही हवीच

मंजुरीला गेलेला नकाशा शेरा मारून परत येतो. जिना थोडा रुंद करा, एवढंच. पण जिना सरकला की शेजारची खोली आक्रसते, कार्पेट एरिया बदलतो, मजल्याची बेरीज बदलते, एरिया स्टेटमेंट नव्यानं भरावं लागतं. आमच्या सांगलीच्या ऑफिसात हे आकडे ड्राफ्ट्समन हातानं भरत असे. आता तेच काम ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प भाषेतली तीसेक ओळींची स्क्रिप्ट करते. ठरावीक लेयरवरच्या बंद पॉलिलाइन निवडते, प्रत्येकीचं क्षेत्रफळ वाचते आणि तक्त्यात लिहिते. तो ड्राफ्ट्समन आता वाचलेल्या वेळात जिन्याचे तपशील काढतो, आणि ते उत्तम काढतो.

ही सोय नवी नाही. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प 1986 साली आली. मात्र 1993 साली निघालेल्या ऑटोकॅड एलटी या स्वस्त आवृत्तीत ती नव्हती. ती मिळाली 2023 मध्ये, एलटी 2024 सोबत. तीस वर्षं! ज्या दोन-तीन माणसांच्या ऑफिसांना हात वाचवण्याची सर्वांत जास्त गरज, तीच त्या काळात स्क्रिप्टवाचून राहिली. मला हे अन्यायाचं वाटतं. स्क्रिप्ट लिहिता येणं हा चैनीचा भाग मानून महागड्या परवान्याला जोडणं चूक आहे.

आज स्केचअपमध्ये रुबी आहे, ऱ्हायनोत पायथन, आर्किकॅडमध्ये जीडीएल. फ्रीकॅड तर फुकट आहे आणि त्यातही पायथन चालते. ऱ्हायनोतलं ग्रासहॉपर किंवा रेविटमधलं डायनॅमो यांत ठोकळे तारांनी जोडत जायचं असतं. आकाराचा शोध घेताना ते छान. रोजच्या तक्त्यांसाठी मात्र मला लिहिलेली स्क्रिप्टच बरी वाटते; ती दुसऱ्याला वाचता येते आणि वर्षभरानं दुरुस्त करता येते.

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना ग्रासहॉपरमध्ये वळणदार छतं काढायला जरूर शिकवा. पण त्याआधी दारं-खिडक्यांचं शेड्यूल आपोआप भरणारी एक छोटी स्क्रिप्ट त्यांच्याकडून लिहून घ्या. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तीच कामी येईल.

आणि ऑफिसवाल्यांनो, नवं सॉफ्टवेअर घेताना चकचकीत रेंडरिंगचे डेमो नंतर बघा. आधी विचारा: यात स्क्रिप्ट चालते का, आणि आम्ही घेतोय त्या परवान्यात चालते का?